नावं गाळलेली वाक्यं

बायको गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी मला काम मिळालं. शाळेतून निवृत्त होऊन तोवर बराच काळ लोटला होता आणि काम शोधत मी कुठे गेलोही नव्हतो. माझी एक जुनी विद्यार्थिनी ते घेऊन घरी आली. डिचोलीच्या शाळेत मी तिला मराठी शिकवलं होतं. आता ती पणजीत एका लहान कंपनीत नोकरी करते. सोप्यावर बसून तिने पहिला प्रश्न विचारला तो असा :

"सर, तुम्ही सोशल मीडियावर आहात?"

"नाही."

"तुमचं एकपण अकाउंट नाही?"

"नाही गो."

"मग तुम्हीच हवे," ती म्हणाली.

तिच्या कंपनीकडे एक प्रोग्राम होता. लोकांनी लिहिलेल्या उघड्या पोस्टी, त्यांच्याखालच्या कॉमेंटी आणि ज्यांची माहिती कुणालाही दिसते अशी प्रोफाइलं तो आपोआप गोळा करत फिरे. पेडणे, डिचोली आणि पलीकडे सिंधुदुर्ग, एवढ्या भागातले लोक कसं लिहितात ते त्यांना यंत्राला शिकवायचं होतं. अडचण अशी की आमच्याकडचं वाक्य मराठी, कोंकणी की मालवणी हे यंत्राला ओळखता येत नव्हतं. ते माणसाने सांगायचं. त्या माणसाला तिन्ही यायला हव्यात, आणि लिहिणारे लोक त्याच्या ओळखीचे असता कामा नयेत. मी कुणाशीच जोडलेला नव्हतो, म्हणून मी योग्य.

"त्या लोकांना विचारलंय का?" मी म्हटलं.

"सर, ते पब्लिक आहे. तुम्हालासुद्धा दिसेल, बघितलंत तर. आणि नावं, फोन नंबर सगळं आम्ही काढून टाकतो."

मला बाजार आठवला. आठवड्याच्या बाजारात दोन बायका मासळीच्या पाटीवर वाकून बोलत असतात, आपण शेजारी उभे असतो, आपल्या कानावर पडतं. त्यात गैर काही नाही. पण एक माणूस पिशवी घेऊन सबंध बाजारभर प्रत्येकाच्या मागून फिरला आणि सगळ्यांचं सगळं बोलणं पिशवीत भरून घरी घेऊन गेला, तर त्याला काय म्हणायचं? मी तिला हे बोलून दाखवलं.

ती हसली. "सर, तुम्ही अजून निबंधच सांगता."

मी काम घेतलं. खरं कारण एवढंच की घर फार शांत झालं होतं आणि दुसऱ्याची बोली वाचायला मिळणार होती.

पुढच्या आठवड्यात तिने एक लॅपटॉप आणून दिला आणि कसं करायचं ते दाखवलं. पडद्यावर एकाखाली एक वाक्यं होती. प्रत्येकापुढे चार चौकोन : मराठी, कोंकणी, मालवणी, आणि शेवटचा 'वगळा'. जाहिरात किंवा शिवीगाळ असेल तर 'वगळा'वर खूण करायची. जिथे कुणाचं नाव होतं तिथे प्रोग्रामने ते पुसून कंसात 'नाव' असा शब्द ठेवला होता.

पहिले काही दिवस मी त्यात रमलो. पाव घेऊन पोदेर आलाच नाही म्हणून कुणी चिडलेलं. नार्व्याची बस आज थांब्यावर थांबलीच नाही म्हणून कुणी ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार केलेला. मोपाच्या विमानतळाकडच्या रस्त्यावर गुरं बसतात, त्यांचे मालक कोण, असा एकाने सवाल टाकलेला आणि खाली एकोणीस जणांनी एकमेकांना गुरं म्हटलेलं. वाक्य मराठीत सुरू होई आणि रागाला चढलं की कोंकणीत उतरे. अशा वाक्याला कुठल्या चौकोनात घालायचं? मी प्रत्येक अडचणीवर एक टिपण लिहून पाठवू लागलो. विद्यार्थिनीचा फोन आला.

"सर, टिपणं छान आहेत. पण यंत्राला एकच खूण कळते."

"मग ते यंत्र अजून पहिलीत आहे."

"म्हणूनच तर तुमच्याकडे पाठवलंय."

एके सकाळी एक वाक्य आलं. घरातली जुनी पुस्तकं कुणाला द्यावीत, अशी कुणीतरी चौकशी केली होती. तिच्याखाली बऱ्याच जणांनी वाचनालयांची नावं सुचवली होती आणि एकीने लिहिलं होतं : 'आमच्याकडे पुस्तकांक खोली आसा आनी माका कपाट.'

मी मोठ्याने हसलो. मग हात थांबला. हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं होतं. पाहुणे आले, त्यांनी माझ्या पुस्तकांच्या खोलीचं कौतुक केलं, की चहा ठेवताना माझी बायको हेच म्हणे, याच शब्दांत, याच क्रमाने. फोनवर ती काहीबाही लिहीत असे हे मला माहीत होतं. कुणासाठी लिहिते ते मी विचारलं नव्हतं, तिने सांगितलं नव्हतं. दुसऱ्यांच्या पोस्टींखाली, अनोळखी बायकांच्या स्वयंपाकाच्या उघड्या ग्रुपात, ती असं जागोजागी बोलून गेली होती. ते एरवी कुणी एकत्र केलं नसतं. प्रोग्रामने ते केलं होतं, तिला न ओळखता.

त्यानंतर मी वाक्यं तपासत नव्हतो, तिची वाट बघत होतो. नावं पुसलेली असली तरी मला एक खूण सापडली होती. इतरांच्या वाक्यांत जागोजागी कंसातलं 'नाव' येई. तिच्या वाक्यात ते येणं शक्य नव्हतं. तिने माझं नाव कधी घेतलं नाही. सोयरे विचारोत की टपालवाला, मी म्हणजे 'घरचा माणूस'. प्रोग्रामला तिच्या वाक्यात पुसायला काही मिळालंच नसतं. जिथे 'घरचा माणूस' दिसला तिथे मी थांबे, दोनदा वाचे आणि बारीकशी खूण करून ठेवी.

वाक्यं साचत गेली. घरच्या माणसाला कालवण पुस्तकावर सांडलेलं कळतं, पण ताटात मीठ नसलेलं कळत नाही. घरच्या माणसाला ताप आला की तो पेजेला नावं ठेवतो, म्हणजे समजायचं की उतरला. खाणी बंद पडल्या त्यावर कुणीतरी लिहिलं होतं, त्याखाली : 'ट्रक बंद जाले तेन्ना कपडे धवे सुकले, पण घरचो माणूस काळवंडलो.' हे मी कितीदा वाचलं असेल! आमच्या दारावरून खनिजाचे ट्रक जात, दोरीवरचे पांढरे कपडे लाल होत, ती कटकट करी. ट्रक थांबले तेव्हा माझी नोकरी काही गेली नव्हती, मी काळवंडायचं कारण नव्हतं. पण शेजारपाजारच्या काळजीने मीही गप्प झालो असेन आणि तिला ते दिसलं असेल, असं मी ठरवून टाकलं. मला ते आवडलं.

मग दुपारचं वाक्य आलं.

एका बाईने ग्रुपात विचारलं होतं, सगळं आवरल्यावर दुपारचा वेळ तुम्ही कसा घालवता? कुणी मालिका म्हटलं होतं, कुणी झोप, कुणी विणकाम. त्यांच्यामध्ये हे होतं : 'घरात माणूस आसा, पण उलवक कोण नाय.'

उलवक म्हणजे बोलायला. घरात माणूस आहे, पण बोलायला कोण नाही.

मी लॅपटॉप मिटला. दुपारी मी पुस्तकांच्या खोलीत असे. जेवण झालं की दार नुसतं लोटलेलं असे, कडी नसे. चार वाजता चहा होई. आम्ही भांडत नव्हतो, एकमेकांना दुखवत नव्हतो. त्या दुपारी मला सुखाच्या वाटत आल्या होत्या, आणि त्या दोघांच्या मिळून सुखाच्या आहेत असं मी धरून चाललो होतो. आता त्या सगळ्या दुपारी एका ओळीने माझ्या हातून काढून घेतल्यासारखं झालं. हे तिने लिहिलं होतं का? तेवढंच मला हवं होतं. बाकी हजारो वाक्यांचं काहीही होवो.

दोन दिवसांनी विद्यार्थिनी आली, कारण माझं काम पुढे सरकत नव्हतं. लॅपटॉप बिघडला असेल असं तिला वाटलं. तिने काहीतरी दाबलं आणि माझ्या पडद्यावर नसलेला एक रकाना उघडला.

"हा काय?"

"गाव. प्रोफाइलवर लिहिलेलं असलं तर येतं. तुम्हाला लागत नाही म्हणून लपवला होता."

मी खुणा केलेली वाक्यं शोधली. पुस्तकांच्या खोलीच्या वाक्यापुढे गाव कोरं होतं. मिठाच्या वाक्यापुढे कोरं. ट्रकच्या वाक्यापुढे सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याचं नाव होतं. पेजेच्या वाक्यापुढे पेडणं होतं. आमचं घर डिचोलीत. म्हणजे ट्रकच्या ज्या वाक्यावर मी इतका भुललो होतो ते तिचं नव्हतंच. कुठल्यातरी ट्रक ड्रायव्हरची बायको ते लिहून गेली होती, आणि तिचा माणूस खरोखर काळवंडला होता. आमच्या भागात त्या वयाच्या सगळ्याच बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. घरचा माणूस घरोघरी होता. हे मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू?

दुपारच्या वाक्यापुढे गाव कोरं होतं.

मग मी तिला सगळं सांगितलं. माझ्या बायकोच्या हातचे पोहे ती शाळेत असताना खाऊन गेलेली होती.

"सर, मूळ फाइलमध्ये प्रत्येक वाक्याला प्रोफाइलची लिंक आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "उघडायची परवानगी नाही. नाव काढलं की परत जोडायचं नाही, असा आमचा नियम आहे. पण हे तुमचं आहे. मी एका मिनिटात बघते. हो की नाही, एवढंच सांगते."

मी हो म्हणणारच होतो. तोंडापर्यंत आलं होतं. मग एक गोष्ट सुचली आणि मी तिला थांब म्हटलं. ते वाक्य माझ्या बायकोचं असेल तर ठीक, निदान मी तिचा कोणीतरी होतो. पण नसेल तर? नाही हे उत्तर मिळवायला माझ्या विद्यार्थिनीला एका परक्या बाईचं नाव वाचावं लागणार. तिचा चेहरा दिसणार, कदाचित नवऱ्याचा फोटो, गाव. ती बाई दुपारी एकटी असते हे मग आम्हा दोघांना नावानिशी माहीत असणार. तिने ते सगळ्यांसमोर लिहिलं होतं हे खरं. पण तिथे ते इतर बायकांच्या विणकामात आणि झोपेत बसून होतं. मी ते तिथून उचलून टेबलावर एकटं ठेवलं होतं.

"आज नको," मी म्हटलं.

"सर, उद्या मी हे धैर्य करीन की नाही सांगता येत नाही."

"ठीक आहे."

रविवारी मी मांद्र्याला गेलो. बायकोचं माहेर तिथलं. मेव्हण्याच्या घराच्या मागच्या दोन खोल्या ते लोक पर्यटकांना भाड्याने देतात. वहिनी, म्हणजे मेव्हण्याची बायको, मागच्या दारी आडोळीवर, म्हणजे विळीवर, तिसऱ्यांचे शिंपले फोडत बसली होती. माझ्या बायकोशी तिचं रोजचं बोलणं होतं.

"भावोजी! वाट चुकलात?"

"वाट धरूनच आलो."

"मगे बसा. हात घाण आसत माजे, पाणी तुमीच घेया."

मी पाणी घेऊन पायरीवर बसलो. घरून जे वाक्य जुळवून आणलं होतं ते तिथे उपयोगाचं वाटेना. शेवटी सरळ विचारलं. "वहिनी, ती एकटी होती का? माझ्याबरोबर?"

"आता विचारतात?"

"आता."

वहिनीने एक तिसरी फोडली, अर्धा शिंपला फेकला, अर्धा ठेवला. "माका म्हायत नाय. ती माका फोन करी ती माजी गाऱ्हाणी ऐकूक. आपली सांगी नाय. एकदा मी विचारलंय, गे, तुजो माणूस करता तरी काय दनपारचो? म्हणाली, वाचता. मी म्हटलंय, मगे तू उठय त्याका. तर म्हणाली, दारापर्यंत जातंय, बघतंय, परत येतंय. वाचपी माणसाक उठवक बरा दिसणा नाय."

ह्याचं काय करायचं ते मला कळेना. दारापर्यंत येऊन ती परत जात होती, म्हणजे बोलायला येत होती. आणि उठवत नव्हती, म्हणजे मला जपत होती. दोन्ही खरं असणार.

मी तिला ते वाक्य म्हणून दाखवलं. कुठून मिळालं तेही सांगितलं. घरात माणूस आसा, पण उलवक कोण नाय.

वहिनीचा हात थांबला. मग ती खांदे हलवून हसायला लागली.

"भावोजी, ह्या माजाच आसतला!"

"तुमचं?"

"आठवणा नाय. त्या ग्रुपात आमी दोगीय आसलों. आमचे हे बघा ना. सीझनाक गिरायकांच्या मागे, पावसात पत्त्यांच्या मागे. घराक येतत ते न्हिदूक आनी घोरूक. माका कितीदा असा लिवचा वाटता. एकदा लिवलंय पण आसतला."

आतून मेव्हण्याचा आवाज आला, "कोणाक शिव्या घालतां गो?"

"तुमका! दुसरो कोण आसा हंय?"

"मगे चलता," आतून उत्तर आलं, आणि पंखा मोठा केल्याचा आवाज.

आम्ही दोघंही हसलो. मग वहिनी पुन्हा आडोळीकडे वळली आणि म्हणाली, "तिना पण लिवला आसात हां. मी नाय म्हणणा नाय. असा कोण लिवचा नाय, भावोजी? ता तुमचा शाळेतला चेडू, तिका विचारा. तिका दिसता मगे नाव."

"दिसतं. पण तुमचं असलं तर तुमचं नाव निघेल."

तिने आतल्या खोलीकडे पाहिलं. हसणं थांबलं होतं.

"माजा नको काडूक," ती म्हणाली. "ह्यांका कोण दाखयत. मगे मी खंय जाव?"

ग्रुपात शेकडो बायकांसमोर हीच वहिनी लिहून मोकळी झाली असेल. त्या बायका तिच्यासारख्याच होत्या, त्यांचं तिला भय नव्हतं. ती वाक्याला भीत नव्हती. कुणी ते तिच्या नावाने उचलून घरी आणून ठेवील ह्याला भीत होती. आणि ते करायला सर्वांत जवळचा माणूस त्या घडीला मी होतो, तिच्याच पायरीवर बसलेला, तिच्याच पेल्यातलं पाणी पीत.

"नाही काढणार," मी म्हटलं.

"मगे जेवूनच जावा. तिसऱ्यो आसत."

सोमवारी मी लॅपटॉप उघडला आणि दुपारच्या वाक्यापुढे 'वगळा'वर खूण केली. 'वगळा' म्हटलं की प्रोग्राम कारण विचारतो : जाहिरात, शिवीगाळ, इतर. 'इतर'पुढे मी लिहिलं, 'लिहिणारी व्यक्ती जिवंत असू शकते.'

संध्याकाळी फोन आला.

"सर, जवळजवळ सगळेच जिवंत असतात."

"हो."

"मग सगळंच वगळायचं?"

पोदेराच्या आणि बसच्या वाक्यांचं काही वाटत नाही, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, यंत्राला कुठे थांबायचं हे सांगता येईल असा नियम द्या सर, तुमच्या मनाला वाटतं ह्याचा प्रोग्राम करता येत नाही. ती चिडली नव्हती. तिला खरोखरच नियम हवा होता. मी दोन संध्याकाळी बसून लिहून पाहिला : घराच्या आतलं, आजारपणाचं, नवराबायकोचं असेल ते घेऊ नये. वाचल्यावर दिसलं की त्या नियमाने पुस्तकांच्या खोलीचं वाक्यही गेलं असतं. तरी पाठवला.

"आणि ते नाव, सर?" फोन ठेवण्यापूर्वी तिने विचारलं. "बघू? शेवटचं विचारते."

"नको गो."

"तुम्हाला राहवेल?"

"बघतो."

पुढे तिने कळवलं की नियमातलं थोडं वरच्यांनी घेतलं आहे. त्या वाक्याबद्दलही सांगितलं : माझ्या यादीतून ते गेलं, पण मूळ साठ्यात असणारच, आणि पोस्ट जागेवर आहे तोवर प्रोग्राम पुन्हा फिरला की ते पुन्हा उचलेल. तसंच झालं. पावसाळ्यानंतर नवी वाक्यं आली त्यांत ते होतं, तेच, अक्षरन्अक्षर. मी पुन्हा 'वगळा' केलं. बायकोचं की वहिनीचं की तिसऱ्याच कुणाचं, हे मला आजही माहीत नाही. कधी ते बायकोच्या आवाजात ऐकू येतं आणि जेवण जात नाही. कधी ते मांद्र्याच्या मागच्या दारातून येतं. त्या दिवशी ते पडद्यावर होतं तेव्हा दुपारच होती. मी फोन घेऊन मांद्र्याला लावला.

"वहिनी, काय करता?"

"भावोजी? कोणाक काय जाला?"

"काही नाही. सहजच. बोलायला फोन केला."

पलीकडे नळाचा आवाज येत होता. मग तो बंद झाला.

"बोला मगे," ती म्हणाली. "भांडी पडलीत ती पडांदी."